बारा तासांपैकी दोन

हजेरीच्या कागदावर सही ठोकून क्रिस्टोफर लोबोंनी पेन खिशाला लावलं आणि विचारलं,

"निलेश, निघू मां मी?"

"सर, आत्ताच तर इलात!" निलेश हसला. "दोन तास पुरे करूक होये. शेवटाक बांधावर फोटो. फोटो नसलो तर तास धरणत नाय."

निलेश इंजिनियरांच्या संघटनेचा सेक्रेटरी. वीस वर्षांपूर्वी लोबोंच्याच ऑफिसात ट्रेसिंग पेपरवर रेघा मारायला शिकला, आणि आज तोच लोबोंना तास पुरे करायला सांगत होता. घ्या!

नियम यंदाचाच. परवान्याचं नूतनीकरण हवं असेल तर वर्षात बारा तासांचं प्रशिक्षण झाल्याचा दाखला जोडायचा. हे कळलं तेव्हा लोबोंनी कपाळाला हात लावला होता. चौतीस वर्षं मालवणात घरं उभी केली, एकाही स्लॅबला तडा नाही, आणि आता म्हणे शिका! बारापैकी दहा तास घरबसल्या व्हिडिओ बघून आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं देऊन भरायचे होते. ते काम त्यांनी सरळ लेकीच्या गळ्यात घातलं. डेलिशा इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिने बापाच्या नावाने आठ दिवसांत दहाही तास उरकून टाकले, तेही पैकीच्या पैकी मार्क मिळवून. उरले दोन. त्यांना मात्र स्वतःच्या पायांनी यावं लागलं, कट्टा गावाहून आत सात किलोमीटर, या जुन्या तळ्यावर.

आणि येणं भागच होतं. परवाना एकतीस ऑक्टोबरला संपत होता. पाच नोव्हेंबरला तारकर्लीत परशुरामच्या लॉजिंगचा स्लॅब. 'लोबोसरांची सही नसली तर मी स्लॅब ओतणंय नाय,' असं परशुराम चारचौघांत सांगत फिरत होता. शिवाय ऑफिसच्या दारावरची ती पितळी पाटी. तिच्यावरचा परवाना क्रमांक चौतीस वर्षांत एका दिवसासाठीही बंद पडला नव्हता. लोबो रोज सकाळी येता-जाता ती पाटी रुमालाने पुसत.

"मंडळी, पादत्राणं काढून ठेवा," निलेश सगळ्यांना उद्देशून शुद्ध मराठीत म्हणाला. "आज इथे व्याख्यान नाही. आज फक्त चालायचं आहे."

देवीचं ठिकाण असेल, असं समजून लोबोंनी मुकाट्याने बूट-मोजे काढले. दुसऱ्याच्या देवाचा मान राखायचा, एवढं घरचं वळण होतंच.

दसरा होऊन आठवडा झालेला. तळं काठोकाठ भरलेलं, आणि ते सगळं पाणी अडवून उभा असलेला हा मातीचा बांध. चारशे पावलं लांब. पाण्याच्या बाजूला जांभ्या दगडाची रांग, बाकी सगळी माती आणि वर गवत. ना लोखंड, ना सिमेंट. कोणी बांधला, कधी बांधला, त्याचा कागद नाही. खाली वाऱ्यावर हलणारी भातशेती आणि पंचवीस-तीस कौलं. लोबोंच्या डोक्याने सवयीने हिशोब मांडला: पाण्याची उंची एवढी, दाब एवढा. आकडा आला तसे ते जरा थबकले. एवढा भार ही माती इतकी वर्षं पेलते कशी?

बांधाच्या तोंडाशी एक म्हातारी उभी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात लोखंडी टोकाची काठी. निलेशने ओळख करून दिली: या मथुराकाकी, बांध राखायचा मान यांच्या घरातल्या सुनांकडे, काकींकडे गेली पन्नास वर्षं. काठी खेकड्यांची बिळं शोधून बुजवायला. काकींनी बारा इंजिनियरांच्या बारा जोड्या पांढऱ्या पावलांकडे पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना.

"चला रे बाबांनु. पाय भाजतले, पण मरूचास नाय."

त्या पुढे चालू लागल्या, अगदी हळू, टाच आणि बोटं पुरती टेकवत. त्यांची सून संचिता मागे राहिली होती. लोबोंनी तिला विचारलं,

"काकी काय सोधतत गो?"

"ओलां पोतां," संचिता हलक्या आवाजात म्हणाली. "काल तिनसांजेक मी चार बोटां खाली पुरून ठेवलंय. वर सुकी माती. खंय ता फक्त माका ठावक. ऊन चढला काय सगळी माती तापता, तेवढीच तापणा नाय. बांधाक पाझर फुटलो तर पयलो असोच पायाक कळता. डोळ्यांक दिसासर उशीर झालेलो असता."

"आणि गावला नाय तर?"

"तर त्या दिवसापासून बांध त्येंचो नाय. दर वर्सा अशी परीक्षा. एकदाच जावचां, एकदाच येवचां. त्येंच्या सासयेकव हीच, तिच्या सासयेकव हीच."

लोबो मनात म्हणाले, दर वर्षी? खिशात फोन थरथरला, परशुरामचा. त्यांनी तो बंद केला आणि काकींच्या मागोमाग चालू लागले.

पहिली पन्नास पावलं नुसती हाय-हाय करण्यात गेली. खडे टोचत होते, माती चटके देत होती. मग हळूहळू पायांना उमजू लागलं. ही गवताची मुळी. ही भुसभुशीत माती, ही चोपलेली. इथे दगडाची धग, इथे झाडाच्या सावलीतला कोमटपणा. उभ्या जन्मात लोबोंनी शेकडो पाये खणले होते, पण माती अशी कधी वाचली नव्हती. पुढे काकींच्या पावलांमागे धुळीत एक लाल ठिपका उमटत होता. मग दुसरा, मग तिसरा.

"काकी, टाचेत काटो रुतलोसा तुमच्या!"

"माज्या?" काकींनी पाय उचलून पाहिला. चांगला बोटभर काटा होता. त्यांनी तो उपटून फेकला, आणि क्षणभर त्या टाचेकडे बघत राहिल्या. "साखर झालीसा माका. दोन वर्सां गोळये खातंय," त्या म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

बांधाच्या टोकाशी वळून सगळे परत निघाले. जांभळीच्या झाडापुढे वीसेक पावलं गेल्यावर लोबोंचा डावा पाय एकदम थांबला. गार. ताटाएवढी जागा, जास्त नाही. त्यांनी पाय उचलून पुन्हा टेकवला. गारच! डोळ्यांना तिथे काहीच वेगळं दिसत नव्हतं, तीच पिवळी माती, तेच सुकं गवत. इतकी वर्षं या पाण्याच्या आणि त्या कौलांच्या मधे उभी होती ती ही एवढीशी जाणीव, कुणा ना कुणा बाईच्या तळव्यातली. त्यांचा ऊर भरून आला, आणि तो का भरून आला हे त्यांना सांगताही आलं नसतं.

मग त्यांच्या ध्यानात आलं. काकी तिथून आधीच पुढे निघून गेल्या होत्या.

त्यांनी संचिताकडे पाहिलं. ती ओठ घट्ट मिटून पाण्याकडे बघत होती.

मथुराकाकी बांधाच्या तोंडाशी पोचल्या, थांबल्या.

"संचिता गो, यंदा पुरलंसच नाय काय?" त्यांनी हसत विचारलं. सुनेने मान खाली घातली, तसं काकींचं हसू विरलं.

"सासूबाय, आणि एकदा चला. आज ऊनच कमी आसा," संचिता म्हणाली. डोक्यावर ऊन नुसतं आग ओकत होतं.

"एकदाच चलूचां असता." काकी इंजिनियरांकडे वळल्या. "तुमच्यातल्या कोणाक लागलां काय रे?"

बाकीच्यांनी नकारार्थी माना हलवल्या. लोबोंनी खाली पाहिलं. गप्प बसलं तर काय होणार होतं? या वयात बाईचा मान राहिला असता, सून काही बोलली नसती. कागदावर सगळं ठीक दाखवणं काय असतं, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"माका लागलां, काकी," ते म्हणाले.

ते काकींना जागेपाशी घेऊन गेले. काकी पाय रोवून उभ्या राहिल्या, डोळे मिटून, बराच वेळ. मग खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी माती उकरली. पोतं निघालं, काळं, ओलंचिंब. त्यावर त्यांनी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा हात ठेवला.

"बरोबर पुरलंस गो," त्या सुनेला म्हणाल्या. आणि काठी तिच्या हातात दिली.

संचिता रडायला लागली. लोबोंना राहवेना.

"काकी, पन्नास वर्सां चललात तुमी ह्या बांधावर. एक दिवस नाय लागलां म्हणून काय झालां?"

"पन्नास वर्सां लागलां, ता खराच." काकींनी डोळे टिपले, पण आवाज हलला नाही. "पण पाणी आजचा आसा मां रे, बाबा?"

त्या उठल्या आणि पहिल्यांदाच सुनेच्या मागून चालू लागल्या. लोबो दोघींकडे बघत राहिले. त्यांचे हात आपोआप जोडले गेले होते, हे त्यांना मागाहून कळलं.

फोटो झाला. निलेशने एकेकाला छापील दाखले वाटले. लोबोंच्या दाखल्यावर लिहिलं होतं, एकूण तास बारा. बूट काखेत मारून त्यांनी खिशाचं पेन काढलं, 'बारा'वर आडवी रेघ मारली, वर 'दोन' लिहिलं आणि बाजूला सही केली.

"सर, ह्या काय केलात?" निलेश घाबरला. "दहा ऑनलाइन झाले तुमचे!"

"ते डेलिशाचे."

निलेशने आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली आणला. "सर, सगळेच तसां करतत. एकतीसाक परवानो बंद पडतलो. परशुरामचो स्लॅब?"

"परशुरामाक मी सांगतंय. थांबात नायतर दुसरो बघात."

स्कूटरपाशी येईपर्यंत तळवे चांगलेच भाजले होते, तरी त्यांनी बूट घातले नाहीत. फोन सुरू करून घरी लावला.

"डेलिशा, तो पयलो व्हिडिओ कसलो होतो गो?"

"पायाखालच्या मातीच्या तपासणीचो. कित्याक, डॅडी?"

"लावन ठेव. मी येतंय."

"अहो, तेचे मार्क कधीच पडले! पैकीच्या पैकी."

"तुका पडले, बाय," लोबो म्हणाले. "माका खंय पडले?"