पिळाचा पाव आणि माझी तीस अंशांची थाप

मी एक जुना ओव्हन आहे, मित्रांनो, पण माझी कहाणी मी तुम्हाला गोडीगुलाबीने सांगेन अशी आशा ठेवू नका. माझं डोकं फिरलंय. एकेचाळीस वर्षं मी एकाच स्वयंपाकघरात, एकाच ओट्यावर उभा आहे. परवा दुपारी माझ्या डोळ्यांदेखत एका शहाण्या बाईला वेड्यात काढलं. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण सांगणार कसं?

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा कापला, वाकवला, आत तारा बसवल्या, दाराला काच लावली. शेवटी एका तपासनिसाने मला तापवलं, जांभई दिली आणि 'पास'ची चिकटपट्टी डकवली. त्या जांभईने माझा घात केला. माझं बटण दोनशेवर फिरवलं की मी एकशे सत्तरलाच थांबायचो. थोडक्यात काय, मी जन्मजात थापाड्या. तीस अंशांची थाप, ना कमी ना जास्त.

मला घेतलं आमच्या बाईंनी. बाई दवाखान्यात नर्स होत्या. पहिले दोन पाव माझ्यातून पांढरेफटक निघाले, तेव्हा दुसरी कुणी असती तर तिने मला दुकानात परत पाठवलं असतं. बाईंनी माझ्या पोटात थर्मामीटर ठेवला, दाराशी स्टूल घेऊन बसल्या आणि माझी थाप अर्ध्या तासात पकडली. "अस्सं होय! तू तीसने खोटं बोलतोस!" असं म्हणून त्यांनी लेकीच्या नेलपॉलिशने दोनशे तीसवर एक लाल ठिपका दिला. काटा ठिपक्यावर आला की आत बरोबर दोनशे. त्या दिवसापासून आमचं कधी भांडण झालं नाही.

माझी खरी कमाई म्हणजे पिळाचा पाव. बाई मैद्याचं पीठ मऊसूत मळतात, ओल्या फडक्याखाली दुप्पट फुगू देतात. मग ते लाटायचं, त्यावर परतलेला कांदा, लसूण, चीज आणि भरड मिरपूड पसरायची, गुंडाळी करायची आणि ती सुरीने उभी चिरायची. दोन पदर होतात. ते एकमेकांवरून पिळत न्यायचे, कापलेली बाजू वर ठेवून. भाजताना पिळातून चीज बाहेर येतं आणि कांद्याच्या कडा कुरकुरीत होतात. बाईंच्या वॉर्डातल्या दोन मैत्रिणी या पावासाठी ड्यूटी बदलून घ्यायच्या. एकीला सगळे टाकेवाली म्हणत, दुसरीला बाळंतवाली. दोघी माझ्या दारावर थाप मारून "शाबास रे" म्हणायच्या. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडायचं.

मग बाई निवृत्त झाल्या, लेकीचं लग्न झालं, घरधनी गेले. एकट्या माणसासाठी कोण पाव भाजतं? तीन वर्षं माझ्या पोटात रिकामे डबे आणि एक मोडकी किसणी पडून होती. मी ओव्हन होतो की माळा, तेच कळेना. पण गेल्या महिन्यात लेक आली आणि म्हणाली, "आई, तू आता एकटी राहू नकोस. घर बंद करू, आमच्याकडे चल. मागे तू नळ चालू ठेवून बाजारात गेलीस, खाली जिन्यापर्यंत पाणी!"

बाई म्हणाल्या, "गेले होते. पण मला माझं घर सोडायचं नाही. मैत्रिणींना बोलावून पाव भाजते, तू ये आणि बघ मला जमतं का ते. नाही जमलं तर गुपचूप बॅग भरीन."

झालं! एका पावावर घर लागलं पणाला. माझ्यातले डबे बाहेर निघाले, मला आतून-बाहेरून घासलं गेलं. मी मनाशी म्हटलं, बाई, काळजी नको, आपण दोघं मिळून दाखवू.

आणि इथे आमचे जावईबापू उपटले. हे लिफ्ट दुरुस्त करतात. माणूस चांगला, पण हातात पेचकस आला की याला राहवत नाही. लेक-जावई पाव भाजायच्या आदल्या दिवशीच आले होते. त्या सकाळी मायलेकी बाजारात गेल्या आणि यांनी सहज म्हणून मला तपासलं. "अरेच्चा, हा तर तीसने कमी तापतो!" लगेच मागचं झाकण उघडलं, उष्णता मोजणारा जुना भाग काढला, नवा बसवला. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी खरं बोलू लागलो. आता ही गोष्ट सांगावी की नाही? नाही! गालातल्या गालात हसत म्हणे, "उद्या पाव झकास झाला की सगळ्यांसमोर सांगू. सासूबाई खूश!" कप्पाळ माझं! अहो, त्या लाल ठिपक्याबद्दल एकदा तरी विचारायचंत!

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी दोन पावांचं पीठ केलं. पहिला पिळला, ट्रेमध्ये ठेवला, काटा ठिपक्यावर आणला आणि माझ्या हवाली केला. मी ओरडत होतो, म्हणजे जमेल तितकं कुरकुरत होतो. बाई, दोनशे तीस म्हणजे आता खरंच दोनशे तीस! पण माझी कुरकुर कोण मनावर घेतो? बाई स्टुलावर बसून राहिल्या. पहिली वीस मिनिटं दार उघडायचं नाही हा त्यांचा नियम. पंधराव्या मिनिटाला जळका वास आला तेव्हा त्या ताडकन उठल्या. पाव वरून काळाठिक्कर आणि आतून कच्चा.

लेक धावत आली. तिने पावाकडे पाहिलं, मग बटणाकडे.

"आई, हे दोनशे तीसवर आहे! पुस्तकात दोनशे लिहिलंय."

"अगं, याला दोनशे तीसच लागतं. नेहमीच."

"आई, प्लीज. कुठल्याही ओव्हनला दोनशे म्हणजे दोनशेच."

जावई दारात उभे होते. बाईंचं वाक्य ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला होता, मित्रांनो, मी काचेतून स्पष्ट पाहिलं. पण तोंडातून ब्र नाही! मूग गिळून उभे. लेकीने हळूच त्यांना म्हटलं, "बघितलंस ना? मी सांगत होते." बोल की रे बाबा, बोल! त्या क्षणी मला पाय असते तर मी ओट्यावरून उतरून त्यांच्या पायावर पडलो असतो, नमस्काराला नव्हे, चांगला वजनासकट.

बाईंनी काळा पाव ताटात काढला. "मीच चुकले असेन," त्या म्हणाल्या. "हल्ली होतं माझं असं. दुसरा भाजायचाय, तूच ठेव ग काटा."

एकेचाळीस वर्षांत बाईंनी दुसऱ्या कुणाला काटा ठेवायला सांगितलं नव्हतं. मला भडभडून आलं. लेकीने काटा दोनशेवर आणला. आता बघा माझी काय पंचाईत झाली! दोनशेवर मी नीट भाजणार, पाव सोनेरी निघणार आणि बाई कायमच्या विसरभोळ्या ठरणार. नीट भाजू नये, तर मैत्रिणी उपाशी आणि बाई तरीही नापास. इकडे आड, तिकडे विहीर. दुरुस्त झालेल्या ओव्हनला बिघडताही येत नाही हो!

बाईंनी दुसरा पाव पिळला आणि ट्रे उचलला. पण आत सरकवण्याआधी त्या थबकल्या. दुसऱ्याने भरलेलं इंजेक्शन स्वतः तपासल्याशिवाय टोचायचं नाही, ही त्यांची नोकरीतली शिस्त. काटा दुसऱ्याने ठेवला होता. त्यांनी ट्रे खाली ठेवला, दार उघडलं, पंजा आत धरला आणि मोजू लागल्या. एक, दोन, तीन. आठला हात बाहेर.

"काटा दोनशेवर असला की मला हात बारापर्यंत धरता येतो, ठिपक्यावर असला की आठपर्यंत," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम वॉर्डातला झाला. "हा आज खरं बोलतोय. याला कुणी हात लावला?"

लेकीने नवऱ्याकडे पाहिलं.

"मी," जावई पुटपुटले. "काल. तुम्हाला खूश करायचं होतं. मगाशी पाव जळला तेव्हाच कळलं मला, पण... लाज वाटली, आई."

"तुला लाज वाटली म्हणून तू मला वेडी ठरू दिलंस?"

लेक रडवेली झाली. "आई, मला वाटलं तू..."

"ऐक," बाई म्हणाल्या. "मी विसरते. नळ मीच विसरले, तो माझा. त्याची भीती तुझ्यापेक्षा मला जास्त वाटते. पण जे मी विसरले नाही ते माझ्या माथी मारू नका. तेवढंच तर उरलंय माझ्याजवळ."

लेकीने आईला मिठी मारली. मग बाईंनीच डोळे पुसून ट्रे आत सरकवला. टाकेवाली आणि बाळंतवाली आल्या तेव्हा पाव टम्म फुगला होता, पिळातून चीज उतू जात होतं. एकच पाव पाच जणांना पुरवला, भांडून खाल्ला. जावयांना शेवटचा तुकडा मिळाला, तोही टाकेवालीने कान पिळल्यावर. बॅग कुणी भरली नाही. लेक एकटीच स्वयंपाकघरात आली आणि नळाशेजारी 'नळ बंद केला का?' अशी एक चिठ्ठी लावायला लागली. बाईंनी ती तिच्या हातातून घेतली आणि स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहिली.

तर मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या यंत्रांना जपा, दुरुस्त करा, माझी ना नाही. पण केलंत तर सांगा! आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या हातून काही जळलं, सांडलं, फुटलं, तर त्याच्या डोक्याविषयी शंका घेण्याआधी एकदा विचारा की आपल्यापैकी कुणी काही बदललंय का. ते तुम्हालाच विचारावं लागेल. मला तोंड नाही. मला नुसतं दार आहे, आणि ते तुम्ही उघडाल तेव्हाच उघडतं.