शकुबाईंचं टोपलं

मी बाळाची कारसीट बोलतेय. शकुबाई मात्र मला टोपलं म्हणतात. म्हणू द्या बापड्या!

दिपालीला सात वर्षांनी मुलगी झाली, तेव्हा तिच्या भावाने मला पुण्याहून यवतमाळच्या दवाखान्यात धाडलं. तिथून मुकुटबनच्या घरी बाळाला सुखरूप न्यायचं, एवढंच माझं काम. पण तिच्या सासूबाई, शकुबाई! त्या साली कापसाला भाव नव्हता. घरात आढ्यापर्यंत कापूस पडलेला, आणि या दिसेल त्यात तो भरत सुटलेल्या. दवाखान्यातही पिशवीभर घेऊन आल्या आणि बाळाला ठेवण्याआधी माझ्यात सगळा कोंबला.

"पोरीले रुतन न, माय!"

मी अशी फुगले की काय सांगू!

गाडी पांढरकवड्याच्या जमीर मिस्त्रीची. त्याने मला मागच्या सीटवर, तोंड मागे करून आवळून बांधलं. मग बाळाच्या पट्ट्याखाली हात घातला, तर अख्खी मूठ गेली.

"मावशी, हा कापूस काढा. ब्रेक लागला तं पोरगी निसटन. एक बोट जाईन, एवढाच पट्टा ढिला पाह्यजे."

"मंग माह्या मांडीवर दे. दोन्ही हातानं धरीन."

"नाही आई," दिपाली म्हणाली, "सात वर्षं वाट पाह्यली मी."

शकुबाई फुरंगटल्या. कापूस निघाला. बाळ माझ्यात बसलं आणि त्यांच्या मांडीवर आला डिंकाच्या लाडवांचा डबा.

पांढरकवड्याच्या अलीकडे शेळ्या आडव्या आल्या. जमीरने करकचून ब्रेक दाबला. डबा उडाला तो थेट पुढच्या काचेवर! गाडीभर लाडू. माझा तर जीवच उडाला. बाळाने मात्र जांभई दिली.

शकुबाई आपल्या रिकाम्या हातांकडे पाहत राहिल्या.

"दोन्ही हातानं धरला होता न मी," एवढंच म्हणाल्या.

घरी पोचलो तेव्हा बाळ माझ्यातच गाढ झोपलेलं. वाटलं, राहू दे बाई इथेच. पण तिची मान पुढे कलंडत होती. शकुबाईंनीच तिला उचलून घट्ट गादीवर उताणं निजवलं. हौसेने शिवलेली राईची उशीही दवाखान्यातल्या नर्सबाईंचं ऐकून बाजूला ठेवली. मी रिकामी झाले, मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

आता मी खुंटीवर असते. घरातल्या मांजरीचा माझ्यावर डोळा आहे. लस टोचायचा दिवस आला की मला खाली काढतात. बाबांनो, मला माळ्यावर टाकू नका, पोरगी अजून लहान आहे.

परवा जमीर पट्टा बघायला वाकला, तर शकुबाईंनी त्याला कोपराने सारलं आणि स्वतःचं बोट घालून पाहिलं.

"एकच जाते," त्या म्हणाल्या. "चाल आता. हळू चालव."