ताकदीची पुडी

मालनबाईंच्या चुलीवर आमटीची दोन पातेली चढली की मुलांना ते अंगणातूनच कळायचं. मोठ्या पातेल्यातून असा काही वास सुटायचा की लता आणि तिचा धाकटा भाऊ सहादू दप्तरं फेकून पाट मांडायला धावत. तो वास मटणाचा नव्हता, सुकटीचा तर नव्हताच. धुरकट, खारट, मागून किंचित गोडसर. नाशिकरोडच्या त्या वस्तीत दुसऱ्या कुणाच्याच घरातून तो येत नसे.

वासाचं नाव मात्र बाहेर काढायला सक्त बंदी होती. वडील पुंजाराम देवळाली कँपात डिसोझा मॅडमच्या बंगल्यावर स्वयंपाकी होते. मॅडमचा मुलगा जहाजावर. नाताळाला त्याचं पार्सल यायचं आणि त्यात हॅमच्या मसाल्याच्या चपट्या, चकचकीत पुड्यांची खोकी असायची. हॅम म्हणजे खारवून धुरी दिलेली डुकराची मांडी, आणि ही पूड तिच्या चवीची. मॅडमना रक्तदाबामुळे खारट वर्ज्य होतं, म्हणून एक खोकं पुंजारामांच्या सायकलच्या पिशवीतून घरी यायचं. वस्तीत डुकराचा उच्चार झाला असता तर बायकांना नळावर आठवडाभर दुसरा विषय लागला नसता. म्हणून घरात तिचं नाव पडलं होतं, ताकदीची पुडी.

हे नाव मालनबाईंनी दिलेलं, आणि त्याला कारण होतं. बहात्तरच्या दुष्काळात सहादूला टायफॉइड झाला. ताप उतरला तेव्हा पोराच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशी अवस्था. पहिलं खोकं मॅडमनी दिलं ते तेव्हाच. "पोराला सूपमध्ये घालून दे," एवढंच त्या म्हणाल्या. मालनबाईंनी पुढचं सगळं आपल्या मनाने ठरवलं. समुद्रापलीकडून आलेली वस्तू, एवढ्याशा पुडीत आटवून भरलेली अख्खी मांडी, म्हणजे जनावराची सगळी ताकद तिच्यात असणार! आता ताकदीची वस्तू म्हटली की ती रिकाम्या पोटाला जड जाणारच. ती बाधू नये म्हणून पुडी फोडायची त्या दिवशी त्या शेजारून उसनी आणून का होईना, मसुराची डाळ दुप्पट घालायच्या, मेथीची जुडी चिरायच्या आणि दारातल्या कोंबडीचं अंडं आमटीत फोडायच्या. महिन्याभरात सहादू गल्लीतून विटीदांडू घेऊन पळायला लागला. झालं! त्यानंतर पुडीवर शंका घ्यायची कुणाची छाती नव्हती. मुलांची परीक्षा, कुणाचं आजारपण आणि चौदा एप्रिल, एवढ्याच वेळेला ती फुटायची.

आणि त्या प्रत्येक वेळी मालनबाई पुडी टाकण्याआधी दोन पळ्या आमटी लहान पातेल्यात काढून घ्यायच्या. ते त्यांचं पातेलं.

"मला नाय चालत डुकराचं," त्या नाक मुरडून म्हणायच्या.

मुलं खो खो हसत. आई एवढी सोवळी कधीपासून झाली, म्हणून सहादू त्यांना 'भटीणबाई' म्हणून चिडवायचा. त्यांनाही हसू यायचं. एकदा मात्र जेवणं झाल्यावर लता पाणी प्यायला उठली, तर आई मोठं पातेलं भाकरीच्या तुकड्याने निपटून खात होती. डोळे मिटलेले. लताची चाहूल लागताच त्या म्हणाल्या, "घासायला बरं पडतं." लताला ते पटलं. पोरांना आईचं सगळंच पटतं.

पुढे लता गृहशास्त्र शिकली. पोषणाचा तास झाला त्या दिवशी तिने घरी येऊन उत्साहाने खोकं उलटंपालटं करून वाचलं. मीठ होतं, साखर होती, चव वाढवणारं काहीबाही होतं. प्रथिनांपुढे शून्य. जिच्या जोरावर भाऊ उठला, तिच्यात एका शेंगदाण्याइतकंही बळ नव्हतं. लताला गंमत वाटली. संध्याकाळी आईला सांगायचं ठरवलं, पण संध्याकाळी पाहुणे आले, मग परीक्षा आल्या, मग निफाडच्या शाळेत नोकरी लागली, लग्न झालं, आणि ते राहूनच गेलं.

पंच्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर मालनबाई मलेरियाने अंथरुणाला खिळल्या. ताप गेला, पण अन्न काही जाईना. भात पुढे केला की मान फिरवायच्या. "पोटात दोन घास गेले नाहीत तर दवाखान्यात हलवावं लागेल," डॉक्टरांनी बजावलं. निरोप मिळाला तशी लता निफाडहून एसटीने आली. अंथरुणातल्या आईकडे ती बघतच राहिली. आई एवढीशी कधी झाली?

तिने मसूर शिजत टाकला आणि फळीवरचा डबा काढला. मॅडम केव्हाच वारल्या होत्या, पुंजाराम घरी बसले होते. डब्यात तळाशी एकच पुडी उरली होती.

"ठिव ती!" अंथरुणातून आवाज आला. अंगात जीव नव्हता, पण आवाजात होता. "सहादूच्या पोराला व्हईल. लय किरकिरं हाय ते. माझ्यावर कुठं ताकद घालवती?"

"पण तुला तर डुकराचं चालत नाही."

मालनबाईंनी तोंड भिंतीकडे केलं. "न चालायला काय झालंय? एवढीशी पुडी, खाणारी तोंडं तीन. मी वाटा घेतला असता तर तुमाला काय पुरलं असतं?"

लता हातात पुडी घेऊन उभी राहिली. भाकरीने निपटलेलं ते पातेलं तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

"आई, हिच्यात ताकद नाही गं. कधीच नव्हती. मी वाचलंय. नुसतं मीठ आणि वास."

"मग सहादू कशानं उठला?"

"तुझ्या डाळीनं. तू दुप्पट घालायचीस ना, ती. मेथी, अंडं. पुडी बाधू नये म्हणून जे जे घातलंस, ती ताकद होती."

मालनबाईंनी भिंतीकडचं तोंड वळवलं. चुलीवर डाळ रटरटत होती.

"म्हंजी पुडीत निस्ती चवच व्हती?"

"हो."

"मग मी खाल्ली असती की गं," त्या म्हणाल्या.

तक्रार नव्हती त्यात. बसमध्ये जागा रिकामी होती हे उतरताना कळावं, तसा सूर होता. लताला मात्र रडू आवरेना. तिने पाठ वळवली आणि दाताने पुडी फोडली. पूड दमट होऊन खडा झाली होती, तो तिने चमच्याने चुरला आणि सगळाच्या सगळा आमटीत टाकला. मेथी टाकली, अंडं फोडलं. वास सुटला तसे बाहेर खाटेवर बसलेले पुंजारामही दारात येऊन उभे राहिले. आज चुलीवर पातेलं एकच होतं.

लताने आईला उठवून भिंतीला टेकवलं आणि वाटी तिच्या हातात दिली. मालनबाईंनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले, आणि वाटी संपवली. रिकामी वाटी त्यांनी खाली ठेवली नाही.

"आजून हाय का?" त्यांनी विचारलं.

एवढ्या वर्षांत आईने कधी दुसऱ्यांदा मागून घेतलेलं लताने पाहिलं नव्हतं. तिने पातेलंच उचलून आईपुढे ठेवलं.