काळ्या पट्टीवरचा सूर

एका हॉटेलच्या जेवणघरात दोघी बहिणी शनिवारी कार्यक्रम करायच्या. थोरली पियानोवर, धाकटी गायला. थोरली परीक्षा देऊन शिकलेली, धाकटीचं सगळं कानावर. एकदा धाकटीने स्वतः गाणं बांधलं. शेवटच्या शब्दावर तिचा आवाज पियानोवर एकत्र वाजणाऱ्या ए मायनर कॉर्डच्या सुरांच्या जरा वर जाऊन तिथेच रेंगाळायचा.

थोरलीला ते खटकलं. ए, सी, ई या तीन सुरांवर चौथा म्हणून तिने एफची पांढरी पट्टी दाबून पाहिली, तर शेजारच्या ईशी तिची अशी जुंपली की कानांना खुपलं. वाढप्यांच्या देखतच ती म्हणाली, "तुझा सूर सरकतोय. ईवरच थांब."

धाकटीने मुकाट्याने ऐकलं. पुढे वर्षभरात ती दुसऱ्या वाद्यवृंदाबरोबर परगावी गेली. येणंजाणं राहिलं, पण एकत्र गाणं संपलं ते संपलंच.

थोरली शिकवण्या करू लागली. नाचगाण्यातल्या कॉर्ड्सना तिने कधी भीक घातली नव्हती. उतारवयात तिच्याकडे एक नर्स शिकायला आली. नाचगाण्यात असते ती मायनर सिक्स्थ कॉर्ड तिला समजत नव्हती. नावात मायनर आहे, तर सहावा सूरही उतरलेला, म्हणजे कोमल, का नसतो, असं तिने विचारलं. थोरली समजावायला बसली. मायनर हे नाव उतरलेल्या तिसऱ्या सुरामुळे. सहावा मात्र मेजर सप्तकातलाच, न उतरवलेला घ्यायचा. म्हणजे ए, सी, ई, आणि चौथा एफ नव्हे, तर त्याच्या लगतची काळी पट्टी, एफ शार्प.

तिने चारही पट्ट्या एकदम दाबल्या. कुठेच भांडण नव्हतं. उदास, पण कुणाकडे काही न मागणारा आवाज होता तो. धाकटीचा शेवटचा शब्द नेमका तिथे थांबायचा. थोरलीचे हात पट्ट्यांवरून उचलेनात. बाईंना बरं नाही असं वाटून नर्सने त्यांची नाडी धरली.

दुसऱ्याच दिवशी थोरलीने बहिणीचं घर गाठलं. घशाच्या ऑपरेशननंतर धाकटी जेमतेम कुजबुजू शकायची. नातीचा कीबोर्ड टेबलावर होता. थोरलीने गाण्याची शेवटची ओळ वाजवली आणि त्याच कॉर्डवर थांबली.

"तुझंच बरोबर होतं गं," ती म्हणाली. "मीच चुकीची पट्टी दाबत होते."

धाकटी म्हणाली, "मला नाही आठवत, ताई. तू चूक म्हणालीस, म्हणून तो सूर मी पुन्हा लावलाच नाही. सगळीकडे तू सांगितलंस तसंच गायले."

थोरलीला वाटलं होतं, बहीण आपल्यावर रुसून गेली आणि तिकडे मनासारखं गात राहिली. आपली चूक कळल्यापासून तेवढाच तिला आधार होता.

तिने धाकटीचा हात ओढून पट्ट्यांवर ठेवला. करंगळी काळ्या पट्टीवरून घसरली. "पुन्हा," थोरली सवयीने म्हणाली आणि तिने जीभ चावली.

"शिकवू नकोस आता," धाकटी कुजबुजली. "तूच वाजव. मी ऐकते."