पडद्यामागची गाडी

अनिलनं घामेजलेला अंगठा शर्टाला पुसला आणि पुन्हा फोनवर टेकवला. माजलगावच्या मंगल कार्यालयात स्टेजवर भिंतीएवढा एलईडी पडदा उभा केला होता. त्याच्या मागं, वायरींच्या जंजाळात, एका प्लास्टिकच्या खुर्चीवर तो बसला होता. त्याच्या फोनवर जे चालायचं तेच पडद्यावर दिसायचं. पडद्याच्या पुढं, उजेडात, विजयसिंह सोफ्यावर बसला होता. फोन त्याच्याही हातात होता, पण त्यात काहीच चालू नव्हतं. तो नुसताच अंगठे हलवत होता.

"आणि विजूभैय्या सेमीफायनल जिंकलेत!" निवेदक माईकवर ओरडला. टाळ्या पडल्या.

विजयसिंहाच्या काकांचा, म्हणजे बद्रीनाथ साहेबांचा वाढदिवस होता. दरवर्षी कुस्त्या व्हायच्या. यंदा पुतण्यानं हट्ट धरला की मोबाईलवरची ड्रॅग रेस ठेवायची. दोन गाड्या, सरळ रस्ता, चारशे मीटर. वळण नाही, ब्रेक नाही. सुटताना इंजिनाचा जोर नेमका हवा आणि गिअर वेळेवर पडायला हवा, एवढाच खेळ. साहेबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तरुण पोरं गोळा होतायत म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली.

खेळातली आयडी विजयसिंहाची होती, दोन्ही फोन विजयसिंहाचे होते आणि गाडी मात्र अनिलची होती. अनिलच्या स्वतःच्या फोनमध्ये हा खेळ उघडतसुद्धा नसे. अंबाजोगाईला दोघं एकाच कॉलेजात असताना, दोन वर्षं, तास बुडवून त्यानं ही गाडी विजयसिंहाच्या फोनवर घडवली होती. सगळी पोरं महागड्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या मागं लागलेली. अनिलनं एक जुनाट अमेरिकन गाडी निवडली, तिच्यातलं वजन काढत काढत नेलं आणि एकेका गिअरचं गणित हजारदा मोडून परत मांडलं. आता बीड जिल्ह्यात तिच्यापुढं कुणाची गाडी टिकत नव्हती. विजयसिंह म्हणजे आयत्या बिळावरचा नागोबा, पण नागोबाला हात कोण लावणार?

"फायनल मारली की माईकवर तुझं नाव घेतो बे," त्यानं सकाळीच सांगितलं होतं. "गाडी अनिलची हाय, सरळ सांगून टाकतो."

अनिलला दुसरं काही नको होतं. त्याचे वडील, जालिंदर सर, साहेबांच्या संस्थेतल्या शाळेवर शिक्षक होते. नोकरी अजून कच्चीच होती. वाढदिवसाला संस्थेचा झाडून सगळा स्टाफ राबायला असायचा. जालिंदर सर खाली पंगतीत वरणाची बादली घेऊन फिरत होते. मोबाईलनं पोराचं वाटोळं केलं, असं ते येताजाता म्हणायचे. त्यांच्या कानांवर आपलं नाव एकदा, भरल्या मांडवात, माईकवरून पडावं, एवढ्यासाठी अनिल ह्या खुर्चीवर बसला होता.

फायनलला समोर गेवराईचा सुरज होता. रेसच्या आधी निवेदकानं माईक विजयसिंहापुढं धरला.

"भैय्या, एवढी फास्ट गाडी बनवली कशी?"

"मेहनत. लई जागरणं केली."

"कुणी शिकवलं?"

"कुणीच न्हाई. सगळं माझं मीच केलं. काकांचा आशीर्वाद हाय."

पडद्यामागं अनिलचे कान तापले. क्षणभर त्याला खरंच वाटलं की उठावं आणि वायर उपटून टाकावी. मग त्याहून सोपं सुचलं. सुटताना जोर जास्त द्यायचा, म्हणजे गाडीची पुढची चाकं उचलली जातात आणि संपतं सगळं. साऱ्या गावासमोर भैय्याचं नाक कापलं जाईल. हरू दे साल्याला.

पडद्यावर रेसचे दिवे लागले. अनिलनं जोर वाढवला, काटा तांबड्यात नेला. हिरवा दिवा लागायला आला आणि त्याचा अंगठा आपसूक सैल झाला. काटा जिथं हवा तिथंच येऊन थांबला. गाडी सुटली ती स्वच्छ, सपाट. दुसरा गिअर, तिसरा. अजूनही चुकता आलं असतं. पण ही गाडी त्यानं पोटच्या पोरासारखी वाढवली होती, तिला सगळ्यांसमोर पाडायचं त्याच्या हातून होईना. सुरजची इलेक्ट्रिक गाडी अर्ध्या अंतरापर्यंत पुढं होती, मग मागं पडली.

बाहेर फटाक्यांची माळ लागली. फेटा, शाल, हार सगळं यथासांग झालं. विजयसिंहानं काकांचे पाय धरले, आमदारकीच्या घोषणा झाल्या. अनिल शेवटपर्यंत कान देऊन बसला होता. मग विजयसिंह मागं आला, फेटा सावरत.

"राह्यलंच बे तुझं नाव. गर्दीत ध्यानातच आलं न्हाई. जा, जिलेबी खाऊन घे."

फोन घेऊन तो गेला.

उन्हं कलायच्या आत बापलेक मोटरसायकलवरून दिंद्रुडला निघाले. वरणाचा वास सरांच्या शर्टाला अजून येत होता. वाटेत तेच बोलले.

"तूच खेळत होतास ना?"

अनिल दचकला.

"पाण्याचे जार न्यायला मागं आलतो. बघितलं मी. फायनल तिथंच उभा राहून बघितली. लई भारी चालवलीस."

बापाच्या तोंडून असं तो पहिल्यांदाच ऐकत होता.

"मग तो माईकवर काय बोलला ते बी ऐकलं आसंल तुमी."

"ऐकलं की."

अनिल वाट पाहत राहिला. हेडमास्तर एक शब्द वावगा बोलला तरी घरी येऊन रात्रभर धुमसणारा हा माणूस. आता चिडेल, शिवी घालेल. गाडी मागं वळवली तरी चालेल, असंही त्याला वाटून गेलं.

"बरं केलंस, पुढं आला न्हाईस," सर म्हणाले. "जेवणं उरकल्यावर साहेबाला गाठलं मी. म्हणलं, साहेब, पडद्यामागं बसून भैय्याला जिंकवलं ते पोरगं आमचं हाय. तर खांद्यावर हात ठेवला माझ्या. सगळ्या स्टाफसमोर. यंदा कायम करत्याल बघ मला."

त्यांचा आवाज इतका आनंदी होता की अनिलला तो ओळखू येईना.

"पुढल्या साली बी पाठवतो म्हणलो तुला."

"मला न इचारता?"

सर मोकळेपणानं हसले आणि त्यांनी गाडीचा वेग थोडा वाढवला.

"त्यात काय इचारायचं? पोरगं माझंच हायस की तू."