पिवळ्या गोलाखाली

वर बघू नका. मी इथे बोलतोय, पुलाखालच्या ढिगाऱ्यातून. अगदी अलीकडेपर्यंत त्या मोठ्या पुलावरचा रस्ता मीच होतो. काँक्रीटचा स्लॅब.

मला ओतलं तेव्हा पोटात सळयांची जाळी होती आणि अंगात रग. ट्रक, बस, रुग्णवाहिका, सगळं माझ्या पाठीवरून गेलं आणि सुखरूप गेलं. पुढे भेगांतून पाणी शिरलं, सळया गंजून फुगल्या. मी दुखणं अंगावर काढत राहिलो. वरून डांबराची मलमपट्टी व्हायची, तेवढीच.

मग दोघे भाऊ तपासणीला आले. थोरला माझ्यावरून लोखंडी साखळी ओढायचा. धड जागी ती खणखणायची. एके ठिकाणी बद्द वाजली.

"धाकट्या, ऐकलंस? आतून सुटलाय हा."

"दादा, हे शिकलास कुठे?"

"तुझ्या डोक्यात टपल्या मारून. तेही असंच वाजतं."

हसत हसतच त्यानं तिथे पिवळ्या रंगानं गोल काढला. जरा वाकडाच.

पुढच्याच आठवड्यात थोरला तापानं गेला.

ब्रेकर घेऊन माणसं मला फोडायला आली, तेव्हा धाकटा त्या गोलात फतकल मारून बसला. "कुणी हात लावायचा नाही! दादाच्या हातचं एवढंच उरलंय."

मुकादम पुटपुटला, "वरून तर ठणठणीत दिसतोय. राहू द्या की."

इंजिनीअर बाई धाकट्याजवळ टेकल्या. "अरे, दादानं हा गोल जपायला काढला का? खाली पोकळ आहे, एवढं सांगून गेलाय तो. तसंच ठेवलं तर त्याचं ऐकलं कुणी?"

मला वाचा फुटली असती तर ओरडलो असतो: ऊठ, पोरा. फोड मला!

तो उठला. ब्रेकर त्यानंच घेतला. चार घावांत माझा वरचा थर पापुद्र्यासारखा निघाला. खाली बोट जाईल एवढी फट आणि गंजानं खाल्लेल्या सळया. बरोब्बर गोलाखाली.

"बघा!" धाकटा रडत ओरडला. "काय म्हणाला होता माझा दादा!"

आयुष्यभर ओझी वाहिल्याचा अभिमान आहेच मला. पण त्या दिवशी मोडताना छाती जास्त फुगली.

माझ्या जागी आता नवा स्लॅब आहे. त्याला दुखणं अंगावर काढू देऊ नका. अधूनमधून वाजवून बघत जा. आज सकाळी धाकट्यानं दादाचीच साखळी त्याच्यावरून ओढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत खणखणीत. गोल होता तिथे तो थांबला, पुन्हा एकदा ओढली.

"दादा," तो म्हणाला, "वाजतंय बघ."