पाव आणि पाऊण

गंगासागरबाई सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसल्या की त्यांना कुणी हाक मारायची नाही, हा त्या घरातला जुना नेम. दाराशी कुणी उभं असो, गॅसवर काही उतू जावो. चौदा महिन्यांची नातसुद्धा तेवढा वेळ आजीच्या पदराला हात लावत नसे. त्यांची सून ईश्वरी तेवढ्यात डबा भरायची, पोरीचं कपाळ चाचपायची आणि बीडच्या मुलांच्या दवाखान्यात सातच्या ड्युटीला पळायची.

तिथं ती नर्स होती. दोघीजणी काम सोडून गेल्यापासून दिवसपाळीच्या चौदा खाटा तिच्या एकटीच्या अंगावर आल्या होत्या. घरी आल्यावरही तिला कानात 'सिस्टर, सिस्टर' ऐकू यायचं.

त्या मंगळवारी पोरीला ताप होता. एप्रनच्या खिशातला फोन सारखा थरथरत होता. मोठ्या सिस्टर सत्यभामाबाई जाता जाता म्हणाल्या, "चार नंबरच्या लेकराला पाव एमएल दे गं." त्याच वेळी नऊ नंबरची आई ओरडली, सलाईन संपलं. काउंटरवरून हाक आली. ईश्वरीनं मान डोलावली आणि डोक्यात 'पाऊण' घेऊन औषधांच्या कपाटाकडे गेली. मात्रा लिहिलेला कागद खाटेला लटकत होता. तो बघायचा राहिला.

चार नंबरला पाटोद्याकडच्या केसरबाईचा पाच महिन्यांचा नातू लखन होता. केसरबाई मेंढरं राखणारी. सून जेवायला खाली गेली होती म्हणून लेकरू तिच्या मांडीवर होतं. ईश्वरीनं सिरिंज लेकराच्या हाताशी नेली, तोच केसरबाईनं तिचं मनगट धरलं.

"थांब गं बाई. काल एवढं न्हवतं."

"मावशी, हात सोडा. सांगितलंय तेवढंच आहे."

"सांगितलं आसंल. चाळीस वर्सं कोकरांना औषध पाजते मी. माप मला डोळ्यानं कळतं. काल ह्या रेघेपस्तोर होतं." आणि तिनं काळं पडलेलं नख बरोबर त्या रेघेवर टेकवलं.

ईश्वरीनं कागद ओढला. पाव. हातात पाऊण. एवढ्याशा जिवाला तिप्पट!

तिनं ती सिरिंज टाकून दिली, कागद समोर धरून दुसरी भरली आणि दिली.

"चुकलं व्हय?" केसरबाईनं विचारलं.

नाही म्हणता आलं असतं.

"हो मावशी. माझंच चुकलं."

केसरबाईनं लेकरू मांडीवर सावरलं. "तुला लेकरू हाय?"

"आहे. ताप आलाय तिला."

"मग तुझं ध्यान तिकडं. माझं हितं होतं, म्हणून दिसलं."

दुपारी ईश्वरीनं रजिस्टर उघडलं, तेव्हा सत्यभामाबाई जवळ आल्या. "दिलं न्हाईस ना? मग काहून लिहितीस? डॉक्टर घरी बसवतील. बस मग पोरीजवळ दिवसभर."

क्षणभर ईश्वरीला तेच हवंहवंसं वाटलं. घरी बसायचं, पोरीच्या उशाशी. पण आज केसरबाई जागी होती. उद्या दुसरं लेकरू असेल, आणि त्याच्या आजीचा डोळा लागलेला असेल. तिनं लिहिलं. चूक लिहिली, आणि कपाटापासून खाटेपर्यंत तिला कुणी कुणी हाका मारल्या तेही लिहिलं. सात झाल्या. सातवी घरच्या फोनची.

डॉक्टर केदारनाथांनी वाचलं आणि ते भडकले. "काय होऊन बसलं असतं, कळतंय का तुम्हाला?" मग पुन्हा वाचलं. आवाज खाली आला. "मग मी काय करू? दोन दिवसांत सिस्टर कुठून आणू?"

"सिस्टर आणायलाच हव्यात, सर. एकीच्यानं हे होत नाही." तिनं डावा तळहात पुढं केला. "पण तोवर, औषधाची बाटली ह्या हातावर असेपर्यंत मला कुणी हाक मारू नये. आणि मात्रा तोंडी नको. कागद बघून मोठ्यानं म्हणायची."

"हितं काय मठ हाय का?" सत्यभामाबाई दारातून म्हणाल्या.

डॉक्टर हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. दोन दिवस ईश्वरीकडची इंजेक्शनं काढून सत्यभामाबाईंना दिली. ईश्वरी चादरी बदलत राहिली. मान वर करून कुणाकडे बघवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी कपाटापाशी तिसरी हाक आली, तशा सत्यभामाबाईच किंचाळल्या, "अरे गप बसा की! माप चुकलं म्हंजी?" ईश्वरीकडे त्यांनी बघितलं नाही.

शुक्रवारी कपाटाला डॉक्टरांच्या अक्षरातला कागद चिकटला: औषध भरताना हाक मारू नये. बाटली हातावर दिसली की हाक नाही, असं ईश्वरीनं प्रत्येक खाटेशी सांगितलं होतं. नवीन सिस्टर मात्र आली नव्हती. खाटा चौदाच होत्या. ईश्वरीनं फोन काउंटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. अगदीच गरज पडली तर दवाखान्याच्या नंबरवर करा, असं ती सासूबाईंना सांगून आली होती. पोरीचा ताप उतरला होता, तरी मन तिथंच घुटमळत होतं.

तिनं बाटली डाव्या तळहातावर घेतली. खाटेवरून आणलेला मात्रेचा कागद मोठ्यानं वाचला. काउंटरवरून आवाज आला, "सिस्टर..."

"गप ए बाबा!" चार नंबरवरून केसरबाई कडाडली. "तिच्या हातावर हाय!"

वॉर्ड शांत झाला. ईश्वरीनं औषध भरलं आणि खाटेपाशी आली. केसरबाईनं लेकराचा हात आपल्या मुठीत झाकून धरला होता.

"किती?"

"पाव."

केसरबाईनं रेघ बघितली. "पाव," ती म्हणाली आणि मूठ उघडली.